पिंजरेवाल्या हुसेनमियाँचा अहवाल

जनावराच्या मरणातलं आपल्याइतकं सबंध रियाधमध्ये कुणाला कळत नाही, असं हुसेनमियाँ परकार चारचौघांत सांगायचे, आणि खरं म्हणजे त्यात फारशी बढाई नव्हती. माणूस बाणकोटच्या खाडीकाठचा. शाळा आठवीत सुटली, माझगावच्या गोदीत वेल्डिंग शिकले आणि ब्याण्णव साली रियाधच्या अल सुलै भागातल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडले. तिथे पहिल्याच वर्षी बकरी ईदच्या आधी एका कत्तलखान्याचं दार दुरुस्त करायला गेले, तर पाच माणसं एका बैलाला दोरांनी ओढतायत, बैल ओरडतोय, एकाचा पाय चिरडलाय, असा सगळा गोंधळ. हुसेनमियाँनी ते बघितलं आणि तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मग त्यांनी पिंजरा बनवला. उभा, बैलाच्या मापाचा. जनावर आपल्या पायांनी आत शिरायचं, मागचं दार सरकायचं, दोन्ही बाजूंचे पत्रे हळूच अंगाला टेकायचे आणि हनुवटीखाली एक आधार वर यायचा. दाराला त्यांनी जाड रबर लावलं, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की जनावर बिथरतं. समोरचा पत्रा जरा वळवून घेतला, म्हणजे पुढे काय मांडून ठेवलंय ते त्याला दिसू नये. पुस्तकात बघून केलेलं यातलं काहीच नव्हतं. कत्तलखान्यात स्टुलावर तासन् तास बसून, बैल कशाला घाबरतो हे बघून बघून केलेलं होतं. पुढच्या वीस वर्षांत दक्षिणेतल्या खमीस मुशैतपासून उत्तरेपर्यंत त्यांचे साठेक पिंजरे गेले. त्यांच्या पिंजऱ्यात शेवटपर्यंत जनावर ओरडायचं नाही. लोक त्यांना पिंजरेवाले म्हणायचे.

एवढ्यावर माणसाचं समाधान व्हायला हवं होतं. पण हुसेनमियाँच्या मनात एक ठसठस होती. आपण जे करतो ते इंजिनिअरचं काम आणि इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, शिक्का काय तर वेल्डर. आपण काढलेल्या नकाशावर कुणीतरी पदवीवाला पोरगा सही करणार आणि सगळे त्याला ‘या मुहंदिस’ म्हणून चहा देणार. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, आणि ‘या’ म्हणजे ‘अहो’. तो शब्द कुणी चुकून जरी त्यांच्याकडे बघून उच्चारला, तरी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्यातच निताकत नावाच्या सरकारी नियमाची वर्षं आली. कुठल्या कंपनीत स्थानिक माणसं किती, त्यावर कंपनीला लाल, पिवळा, हिरवा असे रंग मिळू लागले. लाल रंग म्हणजे परदेशी माणसांचे इकामे अडलेच म्हणून समजा. नुसत्या सहीला ठेवलेले पदवीवाले इंजिनिअर आपापल्या पदव्यांचे कागद नोंदवायला पळाले, नाहीतर देश सोडून गेले. मग वर्कशॉपच्या कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा इकामा होता त्या मालकाने, अबू सालेहने, एक युक्ती केली. त्याने हुसेनमियाँच्या नावाची कार्डं छापून आणली. त्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं: इंजिनिअर हुसेन परकार.

‘हा खोटारडेपणा हाय,’ बायको ताजुन्निसा म्हणाली. ‘तुमी इंजिनेर कदी झाल्यात?’

‘काम कोण करतं? मीच ना? मग कार्डावर कुणाचं नाव असायला होवा?’

ताजुन्निसाने भाकरी तव्यावर उलटली. तिचं न बोलणं हुसेनमियाँना नेहमीच जड जायचं, पण त्या दिवशी कार्डं हातात होती.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात अल खर्जच्या एका डेअरीत दोन माणसं मेली. तिथे गोठ्यांचं शेणपाणी एका खोल सिमेंटच्या टाकीत साठवून पंपाने बाहेर टाकतात. पंप तुंबला म्हणून रमेश नावाचा एक मजूर शिडीने खाली उतरला, तो वर आलाच नाही. पाठोपाठ केरू उतरला. तोही आला नाही. केरू सिन्नरकडचा, चाळिशीचा, गाईंचा फार लळा असलेला माणूस. मजूर पुरवणाऱ्या कंपनीने लिहून दिलं की दोघेही हातभट्टीची पिऊन तोल जाऊन पडले. त्यांच्या खोलीत बाटलीही सापडली, म्हणजे कंपनीच्याच माणसाला सापडली. त्या देशात दारूचा शिक्का बसला की मेलेल्या माणसाची बाजू घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. तरी सोबतचे मजूर हटून बसले. ते म्हणाले, टाकीत गॅस होता. मजूर कचेरीत तक्रार गेली. कंपनीला आता एक कागद हवा होता: टाकीत गॅस नव्हता, असा. आणि त्याखाली कुणा जाणत्याची सही.

कंपनीचा मॅनेजर बाळकृष्ण हा आपल्याच मुलखातला, पुण्याचा. तो अल सुलैला आला तो खजुरांची पेटी घेऊन. पिंजऱ्याभोवती दोनदा फिरला, रबरावर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘मुहंदिस हुसेन, मरण म्हणजे काय हे तुमच्याइतकं या देशात कुणाला कळतं, सांगा! तुम्ही सांगाल ते आम्ही मानू.’

आता हा सरळ सरळ हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचा प्रकार होता, आणि हुसेनमियाँ तरातरा चढले. लबाडी त्यांच्या मनात नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना खरंच वाटत होतं की आपण जाऊन बघू आणि जे असेल ते सांगू.

बाळकृष्णने त्यांना गाडीतून नेलं, डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवलं, सोबत व्हिडिओ काढायला माणूस दिला. पंप बंद होता, टाकी दोन दिवस वारा खात उघडी ठेवली होती. हुसेनमियाँ कमरेला दोर बांधून शिडीने उतरले. नाकाने वास घेतला. बाणकोटचं नाक, होडी किनाऱ्याला लागायच्या आत जाळ्यात काय आलंय ते सांगणारं. शेणाचा वास आला, बाकी काही नाही. भिंतीवरून पंपाकडे तांब्याची एक पट्टी गेली होती, विजेच्या अर्थिंगची. टाकीत गॅस असला तर त्याची खूण धातूवर राहते, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्या पट्टीचा हातभर तुकडा कापून प्रयोगशाळेला द्यायचं त्यांनी ठरवलं. पट्टी काळीकुट्ट झाली होती. तीस वर्षांच्या सवयीने हात खिशात गेला आणि तारेचा ब्रश बाहेर आला. धातूला हात घालायचा तर आधी तो साफ करायचा, हे वेल्डरला कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी पट्टी खसाखसा घासली, नव्या हंड्यासारखी लखलखीत केली, मगच तुकडा कापला आणि स्वच्छ पिशवीत घालून कॅमेऱ्यापुढे धरला.

प्रयोगशाळेने तुकडा तपासला आणि कळवलं: तांबं, शुद्ध, गॅसची खूण नाही. रियाधच्या बत्था बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात चार पानी अहवाल टाइप झाला. टाकीत प्राणघातक वायू नव्हता व नसतो. खाली सही, इंजिनिअर हुसेन परकार. मजूर कचेरीत तक्रार बाजूला पडली आणि केरू व रमेश कागदोपत्री दारुडे ठरले.

इथवर चूक होती, माफ करण्याजोगी. पुढे जे झालं ते हुसेनमियाँना स्वतःला नंतर आठवायला नको वाटायचं.

कंत्राटदारांना हा माणूस फार आवडला. अशा टाक्या जागोजागी, आणि प्रत्येक ठिकाणचे मजूर कुरकुरत होते. मग हुसेनमियाँना जेवणावळींची आमंत्रणं येऊ लागली. रियाधमध्ये, दम्माममध्ये, एकदा तर विमानाने खमीस मुशैतला. पडद्यावर तो व्हिडिओ लागायचा आणि हुसेनमियाँ माइक घेऊन उभे राहायचे. आधी नुसतं अल खर्जबद्दल बोलायचे. मग बोलता बोलता गाडी पुढे गेली. म्हणू लागले, गॅसने माणसं मरतात हा सगळा बाऊ आहे. मी स्वतः आत उभा राहिलोय, मला काय झालं? मजुरांना काम नको असतं, त्यांच्या पुढाऱ्यांना भाषणं हवी असतात. लोक टाळ्या वाजवायचे. कुणीतरी ‘या मुहंदिस’ म्हणून कॉफीचा पेला पुढे करायचं. ज्या माणसाला एका बैलाच्या ओरडण्याने तीन दिवस जेवण गेलं नव्हतं, तो दोन माणसांच्या मरणावर हशा पिकवू लागला होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

मुलगी इफरा बारावीत होती, इंडियन स्कूलमध्ये. तिने एकदा व्हिडिओ बघून म्हटलं, ‘अब्बा, यू आर नॉट अ केमिस्ट.’

‘लॅबचा रिपोर्ट हाय माझ्याकडे.’

‘लॅब तो वही टेस्ट करेगी जो आप देंगे.’ एवढं बोलून ती आपल्या पुस्तकात गेली, आणि हुसेनमियाँनी ते कानाआड केलं.

एक दिवस भारतातून फोन आला. केरूच्या बायकोचा, मुन्नीचा. नंबर तिने कुणाकुणाकडून मिळवला होता. तिने ऐकलं होतं की कागद लिहिणारा साहेब मराठी आहे.

‘भाऊ, तुमी लई मोठे इंजेनेर हात म्हनं,’ ती म्हणाली. ‘एक डाव परत बगा ना. आमच्या मान्सानं जल्मात कदी तोंडाला लावली न्हाई. गावात लोक नाय नाय ते बोलत्यात. पोरगी साळंत जाईना झालीय, पोरं तिला दारुड्याची म्हन्त्यात.’

हुसेनमियाँ त्या वेळी वर्कशॉपच्या दारात उभे होते. समोर गिऱ्हाईक होतं. त्यांनी आवाज चढवला आणि म्हणाले, ‘ताई, हे विज्ञान आहे. रडून विज्ञान बदलत नाही.’ हे वाक्य त्यांना जेवणावळीत टाळ्या मिळवून देत असे. मग फोन बंद झाला. गिऱ्हाईक आदराने मान डोलवत होतं.

त्या संध्याकाळी ताजुन्निसाने विचारलं, कुणाचा फोन होता. त्यांनी सांगितलं. ती पाट्यावर चटणी वाटत होती, हात थांबला. ‘काय बोल्लात तिला?’ तेही सांगितलं. ‘अल्ला,’ ती हळूच म्हणाली आणि चटणी तशीच टाकून उठून गेली.

राजाभाऊ आले ते हिवाळ्यात. मूळचे नाशिकचे, जुबैलच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा विभागात मोठे अधिकारी. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्याच्या एका जिन्याचं काम हुसेनमियाँनी केलं होतं, तेव्हापासूनचा घरोबा. पासपोर्टच्या कामाला रियाधला आले की राजाभाऊ आणि प्रमोदिनीवहिनी एक दुपार परकारांकडे जेवायचेच. त्या शुक्रवारी नमाजानंतर पानं मांडली, ताजुन्निसाने पापलेटं तळली होती, प्रमोदिनीवहिनींनी घरून चिवडा आणला होता. आणि हुसेनमियाँना राहवेना. एवढा शिकलेला माणूस घरात आलेला, त्याला व्हिडिओ दाखवल्याशिवाय जेवण कसं पचणार!

राजाभाऊंनी घास हातात धरून व्हिडिओ बघितला. मग घास ताटात ठेवला.

‘परत दाखवा.’

हुसेनमियाँनी खुशीत परत लावला.

‘थांबवा. हे काय करताय तुम्ही इथं?’

‘साफ करतोय. घाण माल कुणी लॅबला देतं काय?’

राजाभाऊंनी पडद्यावरच्या ब्रशवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘हुसेनमियाँ, शेण सडलं की त्यातून जो गॅस निघतो तो तांब्याला काळा करतो. गॅस तांब्याच्या आत शिरत नाही, वरच बसतो. केसाहून पातळ थर. तोच पुरावा होता. तो तुम्ही ब्रशने काढलात आणि खालचं तांबं लॅबला दिलंत.’

‘मी आत उतरलो होतो. वास नाय आला.’

‘पंप बंद, टाकी दोन दिवस उघडी. तेव्हा काय असणार? तो गॅस शेणात दबून असतो. ढवळलं की एकदम वर येतो. आणि जास्त झाला ना, की पहिल्याच श्वासात नाक मरतं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, नाकावर विश्वास ठेवायचा नाही. केरू उतरला तेव्हा त्यालाही वास आला नसेल.’

हुसेनमियाँचा चेहरा लाल झाला. आपल्याच घरात, बायकापोरांपुढे! ते म्हणाले, ‘राजाभाऊ, तुमच्याकडं डिग्री हाय म्हणून आमाला काय कळत नाय असं समजू नका.’

‘डिग्रीचं मी बोललोच नाही.’

‘बोलायला कशाला होवं? तुमा लोकांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.’ हुसेनमियाँ तडकले ते तडकलेच. वीस वर्षांत जे गिळलं होतं ते सगळं त्या बिचाऱ्या राजाभाऊंच्या अंगावर ओतलं. राजाभाऊ शांतपणे उठले, हात धुतले. जाताना दारात एवढंच म्हणाले, ‘ती टाकी अजून चालू आहे का, तेवढं बघा.’ पापलेटं ताटात तशीच राहिली होती. प्रमोदिनीवहिनींनी जाताना ताजुन्निसाचा हात धरला, तेवढाच निरोप.

हुसेनमियाँ आठवडाभर घुश्शात होते. ज्याला त्याला सांगत सुटले की जुबैलच्या माणसाला माझं नाव झालेलं बघवत नाही. पण घासलेल्या पट्टीचा विचार डोक्यातून जाईना. धातू हा एकच विषय असा होता की त्यात ते स्वतःशी खोटं बोलू शकत नव्हते. शेवटी एका सकाळी त्यांनी अबू सालेहला सांगितलं की अल खर्जच्या डेअरीत फाटकाचं माप घ्यायचंय, आणि पिकअप काढली.

टाकी चालू होती. ढवळणारा पंखा गरगरत होता. हुसेनमियाँ काठावर ओणवे झाले आणि भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं. तुकडा कापण्याआधी त्यांनी वीतभर जास्तच पट्टी घासली होती. ती वीत भिंतीवरच राहिली होती. पाच महिन्यांपूर्वी ती लखलखत होती, व्हिडिओत दिसतही होती. आता ती काळी होती. नुसती मळलेली नाही, काळी. हुसेनमियाँनी आयुष्यात हजारो तुकडे घासले होते आणि कुठल्या कारणाने कुठला धातू कसा खराब होतो हे त्यांना पाठ होतं. शेण शिंपडून असा काळा होत नाही.

तेवढ्यात एक बिहारी मजूर खांद्यावर दोर टाकून आला. पंप पुन्हा तुंबला होता. तो शिडीवर पाय ठेवणार इतक्यात हुसेनमियाँ ओरडले, ‘रुको! मत जाओ नीचे!’

‘चाचा, सुपरवायझर बोला है.’

‘मैं बोलता हूँ, नहीं जाने का.’

मजुराने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं. ‘आप तो वही इंजिनिअर साहब हैं ना? आपने ही तो लिखा है, गॅस नहीं है.’

या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच आठवलं, म्हणून तो बोलला. आणि ते हुसेनमियाँना तोंडात मारल्यासारखं लागलं. पण मजूर पुन्हा शिडीकडे वळला तेव्हा मात्र त्यांनी टाकीचं लोखंडी झाकण ओढून लावलं आणि त्यावर फतकल मारून बसले. सुपरवायझर आला, ओरडला. हुसेनमियाँ हलले नाहीत. पंचावन्न वर्षांचा, दाढी पिकलेला माणूस भर उन्हात शेणाच्या टाकीवर बसलाय, अवतीभवती पंधरा मजूर जमलेत आणि पलीकडे गाई रवंथ करतायत. दीड तासाने सुपरवायझर कंटाळून वरच्या वर पंप ओढून काढायला क्रेन घेऊन आला. म्हणजे क्रेन होती! आधीही होती!

घरी येऊन हुसेनमियाँनी राजाभाऊंना फोन लावला. माफी वगैरे त्यांना मागता येईना. म्हणाले, ‘पट्टी परत काळी झालीय.’ राजाभाऊंनीही जुनं काही काढलं नाही. मजूर कचेरीत जाऊन काय सांगायचं, मीटर कुठे आणि कधी लावायला सांगायचा, सगळं सावकाश समजावून दिलं.

पण मजूर कचेरीत जायचं तर अहवाल खोटा कसा ठरला ते सांगावं लागणार, आणि आपण इंजिनिअर नाही हेही. बाळकृष्णला सुगावा लागला तसा तो आला. या वेळी खजूर नव्हते. ‘इकामा वेल्डरचा आणि सही इंजिनिअरची,’ तो म्हणाला. ‘सध्याच्या दिवसांत याला काय म्हणतात माहितीय ना? खुरूज. बोऱ्याबिस्तरा गुंडाळा आणि कायमचे चालते व्हा. पोरीची बारावी आहे ना या वर्षी? खलास.’

हे मात्र खरं होतं. हुसेनमियाँ त्या दुपारी ताजुन्निसासमोर बसले आणि सगळं बोलले. इफरा आतून ऐकत होती. ताजुन्निसाने पदराने कपाळ पुसलं.

‘मना एकच सांगा,’ ती म्हणाली. ‘उद्या आपण बाणकोटला घरी बसलो आणि तो बिहारी मेल्याची खबर आली, तर तुमाला भाकरी जाईल?’

‘नाय.’

‘मग झालं तर. परीक्षा काय, तिकडून पण देता येते.’

इफरा बाहेर आली. ती आई-बापाशी कधी मराठीत बोलायची नाही. बापाच्या शेजारी बसून म्हणाली, ‘अब्बा, मी येऊ तुमच्यासंगं? तुमची अरबी लय खराब हाय.’ हुसेनमियाँना हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

मजूर कचेरीतला अधिकारी तिशीच्या आतला, निताकतीच्याच लाटेत नोकरीला लागलेला, टेबल अजून नवंकोरं. त्याने फाइल उघडली, सही बघितली आणि उठून हात पुढे केला. ‘अहलन, या मुहंदिस.’

हा शब्द हुसेनमियाँना शेवटचा ऐकायचा होता, म्हणून की काय, त्यांनी तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, ‘मी मुहंदिस नाही. मी वेल्डर आहे.’ आणि मग थांबले नाहीत. इकामा टेबलावर ठेवला, कार्डांचा गठ्ठा ठेवला. व्हिडिओ लावून नेमक्या ठिकाणी थांबवला आणि बोट ठेवून सांगितलं, हा बघा माझा ब्रश, इथे मी पुरावा पुसला. इफरा अडेल तिथे शब्द पुरवत होती. अधिकाऱ्याने कोरा कागद घेतला आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘सही करण्याआधी विचार करायचाय?’

‘केलाय,’ हुसेनमियाँ म्हणाले आणि नुसतं हुसेन परकार एवढं लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी अधिकारी मीटर घेऊन अल खर्जला गेला. पंप चालू करायला लावून मीटर दोरीने खाली सोडला. तो निम्म्यावर पोचायच्या आतच किंचाळायला लागला.

पुढचं सगळं गोड गोड झालं असं नाही. हुसेनमियाँना दंड बसला, जेवणावळीतले मित्र रस्त्यात ओळख देईनासे झाले, आणि अबू सालेह महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण त्याने त्यांना खुरूजवर पाठवलं नाही. बकरी ईदच्या ऑर्डरी आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आणि पिंजरे बनवणारा दुसरा माणूस त्याला मिळाला नाही, असं तो सांगायचा. खरं काय ते त्यालाच ठाऊक. टाक्यांना कुलपाची जाळी बसवा, पंप वरून ओढून काढा, असा हुकूम निघाला. पहिल्या पाच जाळ्या हुसेनमियाँनीच बनवल्या, आणि त्यांच्या नकाशावर सही दुसऱ्याची होती. त्यांना त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर दोघांच्या मरणाचं कारण बदललेला कागद आला. विषारी वायू. सोबतच्या मजुरांनी जबानी दिली होती तीही जोडली होती. हुसेनमियाँनी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोन दिवस फोनकडे नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ताजुन्निसाने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

‘मुन्नीताई, मी रियाधहून हुसेनमियाँ बोलतोय.’

‘इंजेनेर साहेब?’ आवाज लगेच कोरडा झाला.

‘नाय. मी वेल्डर हाय. माझं चुकलं, ताई.’ मग त्यांनी सांगितलं. पट्टीचं, ब्रशचं, मीटरचं. वाक्यं जुळत नव्हती, तरी सांगितलं. त्या दिवशी फोनवर काय बोललो तेही आठवून माफी मागितली. पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती. आता ही शिव्या देणार, आणि द्यायलाच पाहिजेत, असं वाटून ते तयार होऊन बसले.

‘मला काय सांगताय भाऊ,’ मुन्नी म्हणाली. ‘मला ठावं व्हतंच. हिला सांगा. मंजिरे, इकडं ये. घे, बोल.’

फोनवर एक बारीक श्वास ऐकू आला. दहा-अकरा वर्षांची असेल पोरगी. हुसेनमियाँनी शेकडो लोकांसमोर माइक घेऊन भाषणं ठोकली होती, पण आता त्यांनी खिशातला तो कागद काढून हातात धरला.

‘मंजिरी बाळा,’ ते म्हणाले, ‘तुझे वडील दारू प्यायले नव्हते. टाकीत गॅस होता. रमेश आधी उतरला आणि पडला. तुझे वडील त्याला काढायला उतरले.’

‘म्हणजे आप्पा पडले नव्हते?’

‘नाय. स्वतःच्या पायांनी उतरले.’

‘त्यांना कुणी पाठवलं व्हतं?’

‘कुणी नाय. बाकीचे नको म्हणत होते. ते सगळं आता सरकारच्या कागदावर लिहिलंय, शिक्का मारून. मी तो तुला पाठवतोय.’

फोन कशावर तरी टेकल्याचा आवाज आला आणि मग अनवाणी पायांचा धप् धप्, अंगणात पळत गेल्याचा. आणि मग तिचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत, कुणाच्या तरी दारात उभं राहून ओरडणारा: ‘ओ काकू! आमचे आप्पा दारू प्यालेच नव्हते! रमेशकाकाला काढायला उतरले व्हते, आपल्या मनानं!’

हुसेनमियाँनी फोन कानापासून काढला नाही. थोड्या वेळाने तेच शब्द पुन्हा आले, पुढच्या दारातून, जरा लांबून. मग त्याच्याही पुढच्या.